परदेशी धाडलेला शिपाई व त्याची तालीम

पहाटेच्या अंधुक उजेडात राणीसावरगावाहून गंगाखेडकडे जाणाऱ्या रस्त्याने कोणी वाटसरू निघाला, तर सैन्यभरतीची तयारी करणारी मुले त्यास धावताना दिसतील. कोणी अनवाणी, कोणी फाटक्या बुटांनी, सोळाशे मीटरांचे अंतर ठरल्या मिनिटांत तोडण्याचा सराव करीत असतात. कोरडवाहू जमिनीच्या या टापूत दोन पावसाळे चुकले की घरातील कर्त्या मुलास फौज ही एक भरवशाची जागा वाटते, आणि त्यात वावगे काही नाही. तालुक्याच्या गावी अशा मुलांची फी घेऊन तयारी करून देणारे वर्गही आता ठिकठिकाणी निघाले आहेत. तेथे धावणे, नऊ फुटांचा खड्डा ओलांडणे व दांडीवर हात टेकून अंग उचलणे हे सर्व शिकवतात. भरतीच्या दारापर्यंत पोचविण्याची ही विद्या झाली. त्या दारातून आत गेलेला मुलगा उद्या समुद्रापलीकडील एखाद्या मुलखात, ज्याचे नावही त्याने शाळेत ऐकले नव्हते अशा ठिकाणी, पहाऱ्यावर उभा राहिला, तर त्या कामासाठी त्यास कोण, कोठे व किती दिवस तयार करतो? हा प्रश्न आमच्या पेठांतून कोणी विचारीत नाही. मनिऑर्डर येते, तोवर सर्व ठीक चालले आहे अशी समजूत असते. तो प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

परदेशी धाडलेल्या फौजेची गोष्ट मराठवाड्यास नवी नाही. राणीसावरगाव सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते, आणि त्या राज्यातील इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची कंटिंजंट फौज याच भागातील हिंगोली, अंबाजोगाई, जालना व औरंगाबाद येथील छावण्यांतून राहत असे. तिच्या खर्चापायी १८५३ साली वऱ्हाडचा मुलूख इंग्रजांकडे गेला, हे जुन्या माणसांस ठाऊक आहे. ती फौज १९०३ साली हिंदुस्थानच्या सैन्यात मिळवून टाकण्यात आली, आणि तिच्यातून निघालेले २० वे डेक्कन हॉर्स हे घोडदळ १९१४ च्या अखेरीस फ्रान्सात उतरले. दख्खनच्या उघड्या माळावर भाला रोखून घोडा फेकण्यात ज्यांची हयात गेली, त्यांस तेथे घोडे मागे ठेवून गुडघाभर चिखलाच्या खंदकांत पायदळाप्रमाणे बसावे लागले. १४ जुलै १९१६ रोजी सोम नदीच्या लढाईत हाय वूड नावाच्या रानापाशी त्यांस एकदाच भाले घेऊन घोड्यावरून चालून जाण्याची संधी मिळाली. म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळच्या मुक्कामात त्यांची मूळ विद्या एका सायंकाळपुरती उपयोगी पडली. बाकीचे सर्व त्यांस तेथेच, शत्रूच्या तोफांच्या माऱ्यात, नव्याने शिकावे लागले.

परंतु या विषयाचा खरा पाठ मराठी माणसास मेसोपोटेमियाने, म्हणजे आजच्या इराकने दिला, आणि तो थोडा विस्ताराने सांगण्याजोगा आहे. नोव्हेंबर १९१४ मध्ये पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनची माणसे इराणी आखाताच्या माथ्याशी उतरू लागली. तीत १०३, ११० व ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. सह्याद्रीच्या व देशावरच्या या लोकांस डोंगर, दगड व झाडी यांच्या आडोशाने लढण्याची सवय. तेथे पाहावे तो क्षितिजापर्यंत सपाट जमीन, आडोसा म्हणून मातीचा उंचवटाही नाही. भर दुपारी मृगजळ असे उठे की समोरचा स्वार आहे की झुडूप आहे, तो हजार पावलांवर आहे की पाचशे, हेच कळत नसे. अंतर ओळखल्यावाचून बंदुकीचा नेम कसा धरावयाचा? चांदमारीच्या मैदानावर पांढऱ्या फळीकडे पाहून घेतलेले शिक्षण शैबाच्या मैदानावर एप्रिल १९१५ मध्ये निरुपयोगी ठरू लागले, ते या कारणाने.

त्याच वसंतात नद्यांस पूर आला व कुर्ना गावापुढचा सारा प्रदेश पाण्याखाली गेला. पुढे जावयाचे तर नावेतून. तेव्हा पायदळाच्या शिपायांस तेथील लोकांच्या ‘बेलम’ नावाच्या अरुंद होड्या देण्यात आल्या, आणि लांब बांबूने तळ रेटीत, लव्हाळ्यातून वाट काढीत, रांग न मोडता कसे जावयाचे याची कवाईत त्यांजकडून कित्येक दिवस करवून घेण्यात आली. १०३ वी मराठा पलटण ज्या १७ व्या ब्रिगेडमध्ये होती, तीच ब्रिगेड ३१ मे १९१५ रोजी अशा शेकडो होड्यांतून चालून गेली. तुर्कांनी ठाणी सोडली, आणि चार दिवसांत अमारा शहर हाती आले. इंग्रज लोकांनी या प्रकारास थट्टेने होड्यांची शर्यत असे नाव दिले, पण आमच्या मते त्या मोहिमेतील हीच सर्वांत शहाणपणाची गोष्ट होय. जागा नवी आहे हे ओळखले, त्या जागेवरच तालीम दिली, तीस वेळ दिला, आणि मग माणसे पुढे लोटली.

पुढे मात्र हा क्रम उलटला. बगदादच्या लोभाने डिव्हिजन शेकडो मैल आत ओढली गेली. टेसिफॉनला तिचे हाल झाले व ती माघार घेत कूत-अल्-अमारा येथे ७ डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात सापडली. तिला सोडविण्यासाठी हिंदुस्थानातून व फ्रान्सातून ज्या पलटणी आल्या, त्या जशा बंदरात उतरत तशा नदीकाठाने पुढे ढकलल्या जात. एकाच ब्रिगेडमधील पलटणींनी परस्परांस पूर्वी पाहिलेलेही नसे. वेढ्यात अडकलेल्या पलटणींसाठी जे नवे रंगरूट आले होते, त्यांस आपल्या पलटणीस जाऊन मिळता येईना. तेव्हा दोनदोन पलटणींचे लोक एकत्र बांधून तात्पुरत्या मिश्र पलटणी उभारण्यात आल्या. ज्याच्या शेजारी उभे राहून मरावयाचे त्याचे नाव ठाऊक नाही, हुकूम देणारा अधिकारी आपली बोली जाणत नाही, अशा स्थितीत हे लोक चिखलातून तुर्कांच्या खंदकांवर गेले. सुटका झाली नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत पडले व सुमारे तेरा हजार माणसे कैदेत गेली. त्यांतील हजारो पुढे परत आली नाहीत.

कूतच्या वेढ्यातील एक गोष्ट आमच्यासारख्या सुधारणेचा पक्ष घेणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. धान्य संपत आले तेव्हा गोरे शिपाई घोड्याचे मांस खाऊ लागले. आमच्या शिपायांनी, हिंदू काय व मुसलमान काय, बहुतेकांनी नकार दिला. घरी गेल्यावर जात वाळीत टाकील, मुलींची लग्ने मोडतील, हे भय त्यांस तुर्कांच्या गोळीपेक्षा मोठे वाटले. मग हिंदुस्थानातील धर्माधिकाऱ्यांची अनुज्ञा बिनतारी संदेशाने मागवावी लागली. ती येऊन, ती खरी आहे अशी शिपायांची खात्री पटून, बरेच लोक एप्रिल महिन्यात ते मांस खाऊ लागले तोवर रक्तपितीने, ज्यास डॉक्टर स्कर्वी म्हणतात, शेकडो जण अंथरुणास खिळले होते. यात आम्ही शिपायास दोष देत नाही. ज्याने आयुष्यभर एक गोष्ट पाप म्हणून ऐकली, त्याने ती उपासमारीत एका रात्रीत पुण्य मानावी असे म्हणणे निर्दयपणाचे आहे. दोष आहे तो ज्यांनी त्यास समुद्रापार नेले पण तेथे काय प्रसंग येतील याविषयी शांततेच्या काळात त्याच्याशी चार शब्द बोलले नाहीत त्या सरकारचा, आणि सिंधुबंदीची शास्त्रे घोकीत बसलेल्या आमच्या समाजाचाही. हातापायाची कवाईत छावणीत होते, मनाची मात्र कोणीच करवीत नाही.

या अनर्थातून एक सुधारणा निघाली, ती मान्य केली पाहिजे. १९१४ पूर्वी प्रत्येक पलटण आपले रंगरूट आपल्याच छावणीत शिकवीत असे. पलटण परदेशी गेली की मागे चार वृद्ध हवालदार व थोडे सामान राही, आणि राखीव म्हणून ज्यांस बोलावीत ते वयाने उतरलेले असत. अशा व्यवस्थेतून दूरच्या रणांगणावर महिन्यामागून महिने तयार माणूस कसा पुरवावा? १९२२ साली सहा मराठा पलटणींची एक रेजिमेंट करण्यात आली, आणि त्यांपैकी ११४ वी पलटण केवळ शिक्षणासाठी म्हणून बेळगावी ठेवण्यात आली. आज बेळगावचे मराठा केंद्र पाहून आमची छाती फुगते, ते योग्यच आहे. पण त्याच्या पायात कूतची हाडे आहेत हे आम्ही विसरू नये. सरकारने आधी माणसे घालविली, मग शाळा काढली.

दुसऱ्या महायुद्धात त्या शाळेचा उपयोग दिसला, तशा तिच्या उणिवाही दिसल्या. एक उणीव भाषेची. फौजेतील शिक्षण रोमन लिपीतील उर्दूत चाले. निजामाच्या मुलखात कचेरी व वरची शाळा उर्दूत असल्यामुळे आमच्या इकडील माणसाच्या कानास ती भाषा परकी नव्हती. परंतु कोकणातल्या किंवा माणदेशातल्या पोरास बंदुकीचे भाग, नकाशा व बिनतारी यंत्र हे सर्व एका परक्या भाषेतून व परक्या लिपीतून एकदम गिळावे लागे. तरीही जेथे वेळ मिळाला तेथे फळ आले. इटलीत जाण्यापूर्वी आठव्या हिंदी डिव्हिजनने १९४३ साली लेबनॉनच्या बाजूस डोंगरी लढाईचा सराव केला. तीत मराठ्यांची पहिली पलटण होती, व तिच्यातील शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीकाठी मिळविलेला व्हिक्टोरिया क्रॉस सर्वांस ठाऊक आहे. नाईक यशवंत घाडगे यांनी तोच सन्मान १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात प्राण देऊन मिळविला. शौर्य शिकविता येत नाही हे खरे. परंतु शौर्य दाखविण्यापर्यंत माणूस जिवंत पोचावा, एवढे शिकविता येते.

स्वातंत्र्यानंतर प्रश्नाने निराळे रूप घेतले. १९५३ साली कोरियात युद्ध थांबले, पण मायदेशी परतण्यास तयार नसलेले बावीस हजारांहून अधिक चिनी व उत्तर कोरियन कैदी सांभाळण्याचे काम भारताकडे आले. त्या संरक्षक फौजेचे सेनापती कोल्हापूरकडील वडगावचे मेजर जनरल शंकरराव थोरात हे होते, आणि मराठा शिपायांची छत्रीधारी पलटणही तीत होती. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष आमच्या लोकांस आपल्या भूमीवर पाऊलही ठेवू देईनात, म्हणून जहाजावरून हेलिकॉप्टरने त्यांस मधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरविण्यात आले. त्या तळास आमच्या लोकांनी ‘हिंदनगर’ असे नाव दिले. आता काम काय होते? शत्रू मारावयाचा नाही, कारण शत्रूच नाही. तारेच्या कुंपणापलीकडून शिव्या येतात, दगड येतात, भाषा कळत नाही, आणि अंगावर चालून येणाऱ्या जमावास शक्य तोवर गोळी न घालता आवरावयाचे आहे. एकदा कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्यास आत धरून ठेवले, तेव्हा थोरात स्वतः थोड्या सोबत्यांनिशी त्या आवारात शिरले व बोलूनचालून त्यास सोडवून घेऊन आले. गोळीबाराचे दुःखद प्रसंगही आले, ते लपविण्याचे कारण नाही. तथापि ज्या हातास वर्षानुवर्षे चाप ओढण्याची सवय लावली त्याच हातास तो न ओढण्याची सवय काही आठवड्यांत, परक्या थंडीत लावणे, ही तालीम कोणत्याही पुस्तकात लिहिलेली नव्हती. ती सेनापतीच्या उदाहरणाने झाली. पण प्रत्येक वेळी थोरात मिळतील असे धरून राष्ट्राने चालू नये.

तसे धरून चालल्याचे फळ श्रीलंकेत मिळाले. २९ जुलै १९८७ रोजी करार झाला, व दुसऱ्याच दिवसापासून शांतिसेना म्हणून आमची फौज जाफन्यात उतरू लागली. लोकांनी हार घातले. अडीच महिने होतात न होतात तोच, ऑक्टोबरात, त्याच फौजेस त्याच गल्ल्यांतून लढण्याचा हुकूम झाला. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर उतरविलेल्या तीस शीख शिपायांच्या एका तुकडीतील एकोणतीस जण ठार झाले. नकाशे जुने, बातमी अपुरी, तमिळ जाणणारे थोडे, हातात जड स्वयंभरी रायफल आणि समोरच्या पोराच्या हातात कलाश्निकोव्ह. या पलटणी मैदानी लढाईसाठी तयार झालेल्या होत्या. मिझोराममध्ये वैरेंगटे येथे जंगलयुद्धाची शाळा १९७० पासून चालू होती, पण शाळा असणे निराळे व नेमक्या याच माणसांस तेथे धाडण्यास सवड असणे निराळे. लहान टोळ्यांनी फिरावे, रस्ता सोडून शेतातून जावे, एकाच वाटेने दोनदा जाऊ नये, सुरुंगाची तार कशी दिसते, हे सर्व आमच्या लोकांनी तेथेच शिकले, आणि त्याची फी रक्ताने भरली. ८ महार पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी छातीत गोळी लागली असताही हातघाईने लढत पडले. मरणोत्तर परमवीरचक्र त्यांस मिळाले. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली तेव्हा अकराशेहून अधिक माणसे मागे राहिली होती.

येथे जाता जाता एक आठवण करून देतो. ज्या महार रेजिमेंटची ही पलटण, ती १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावीच उभी राहिली. तत्पूर्वी पन्नास वर्षे, १९१७ ते १९२१ ही चार वर्षे सोडली तर, ‘लढवय्ये नव्हेत’ या सबबीवर महारांस फौजेचे दार बंद होते, आणि ते उघडण्यासाठी डॉ. आंबेडकरांस झगडावे लागले. तालीम द्यावयाची कोणास हे जातीवरून ठरविणाऱ्या राज्यकर्त्यांनी आपलेच किती नुकसान करून घेतले, याचा हिशेब कोणी मांडलेला आमच्या पाहण्यात नाही.

आता हल्लीची स्थिती पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या वतीने काँगो, दक्षिण सुदान इत्यादी देशांत भारतीय पलटणी राहत आल्या आहेत. जाण्यापूर्वी त्यांस शिकविण्यासाठी दिल्लीत २००० सालापासून खास केंद्र आहे, ही प्रगती निर्विवाद होय. परंतु घरी दिलेली तालीम व परदेशी तळावर टिकवावयाची तालीम या दोन वस्तू आहेत. तेथे जमीन दुसऱ्याची. चांदमारीस मैदान मागावे तर गावकऱ्यांचे शेत आडवे येते, आणि गोळीचा आवाज झाला की ज्यांस धीर द्यावयास आपण गेलो तेच पळत सुटतात. माणसे पहाऱ्यात, गस्तीत व रसदीच्या काफिल्यात इतकी गुंतलेली की दहा जणांस आठवडाभर शिक्षणासाठी बाजूला काढणे अधिकाऱ्यास जड जाते. आणि सुमारे वर्ष भरते, तोच ती पलटण परत फिरते. कोणता मुखिया कोणाच्या बाजूचा, कोणत्या पुलाखालून पावसात वाट नाही, बाजारात कोणत्या बोलीत विचारले तर उत्तर मिळते, हे सर्व ज्यांस कळू लागले तेच निघून जातात, आणि नवे लोक पहिल्या इयत्तेपासून सुरुवात करतात. आमच्या पेठेतील व्यापारीही जुना गुमास्ता सोडून जाण्यापूर्वी महिनाभर नव्यास त्याच्या शेजारी बसवितो. जानेवारी २०२५ मध्ये काँगोतील गोमा शहर बंडखोरांच्या हाती गेले. शांततारक्षणासाठी गेलेल्या शिपायाभोवतालचे जग एका आठवड्यात कसे पालटते, याचा तो ताजा दाखला होय.

यात भर म्हणून भरतीची पद्धतही बदलली आहे. २०२२ साली आलेल्या अग्निपथ योजनेत मूळ मुदत चार वर्षांची ठेवली गेली, व त्यांतील फार तर चौथ्या हिश्शास पुढे कायम करण्याचे ठरले. या योजनेच्या बऱ्यावाईटाचा सर्व वाद आज आम्ही काढीत नाही. पण चार वर्षांतून सुरुवातीचे शिक्षण व रजा वजा जाता, परदेशी मोहिमेची निराळी तालीम, प्रत्यक्ष मुक्काम, आणि परत येऊन दुसऱ्यास शिकविणे, इतके सर्व त्यात बसते काय? जो शिकून आला तोच मुदत संपून गावी परतणार असेल, तर त्याने तेथे जे कमावले ते पलटणीच्या वहीत कोण लिहून ठेवणार?

सबब आमचे मागणे असे आहे की, कोणतीही तुकडी परदेशी जावयाची असता तिला त्या मुलखाच्या हवेची, जमिनीची, बोलीची व कायद्याची ओळख करून देणारी एक किमान मुदत सरकारने नियमाने बांधून द्यावी, आणि तातडीच्या नावाखाली ती कापावयाची झाल्यास त्याचे कारण संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे मागाहून तरी लेखी ठेवावे. येणारी व जाणारी पलटण काही आठवडे एका तळावर एकत्र राहिली पाहिजे. खर्च वाढेल अशी हाकाटी होईल. जाफन्यात वाचविलेल्या खर्चाचा आकडा वर दिलाच आहे. शिवाय शिपायाच्या हाती जे पुस्तक द्यावयाचे ते त्याच्या मातृभाषेतही असावे. फौजेचे साप्ताहिक म्हणून १९०९ साली निघालेले पत्र आज ‘सैनिक समाचार’ या नावाने मराठीतही छापता येते, तर काँगोतील हिवताप, सुरुंग व स्थानिक रीतिरिवाज यांवरील चाळीस पानांचे पुस्तक मराठीत छापता येऊ नये, असे काही नाही.

राणीसावरगाव व आसपासच्या गावांतील मंडळींस आमची विनंती याहूनही सोपी आहे. परभणीस जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. श्रीलंकेत किंवा आफ्रिकेत राहून आलेले निवृत्त हवालदार व सुभेदार मराठवाड्यात ठिकठिकाणी शेती पाहत बसले आहेत. त्या कार्यालयामार्फत त्यांतील दोघातिघांस महिन्यातून एकदा शाळेच्या पटांगणात बोलवावे, आणि पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या पोरांस त्यांच्यापुढे बसवावे. पाणी कमी असता किती प्यावे, परक्या गावात शिरताना नजर कोठे ठेवावी, घरी पत्र काय लिहावे व काय लिहू नये, हे ती माणसे सांगतील. येण्याजाण्याचे भाडे व चहापाणी व्यापारी मंडळींनी करावे, कारण याच मुलांच्या मनिऑर्डरींनी त्यांच्या दुकानांतील उधारी फिटते. आणि आपल्या खासदारांस एक साधा प्रश्न लोकसभेत विचारावयास सांगावे, की गेल्या दहा वर्षांत परदेशी गेलेल्या प्रत्येक तुकडीस निघण्यापूर्वी किती दिवसांची तालीम मिळाली. उत्तर आल्यास आम्ही ते या स्तंभांत जसेच्या तसे छापू.